तुमचे प्रश्न : कॅट, आयपीमॅट आणि जीमॅटची तयारी

मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षांबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. इंदूरच्या वाचकांनी ते मनावर घेतलेलं दिसतं. पत्रं थोडी छाटून आणि सारखे प्रश्न एकत्र करून देत आहोत. पुढे पुन्हा पुन्हा लागणारी माहिती आधीच सांगून टाकतो. कॅट म्हणजे आयआयएम आणि इतर अनेक मॅनेजमेंट संस्थांच्या एमबीएची प्रवेश परीक्षा; तिचा पेपर २०२० पासून १२० मिनिटांचा आहे. वार्क म्हणजे इंग्रजी वाचन आणि भाषा, डीआयएलआर म्हणजे डेटा आणि लॉजिक, आणि क्वांट म्हणजे गणित, असे तीन विभाग याच क्रमाने येतात. प्रत्येकाला ४० मिनिटं असतात, आणि एका विभागात उरलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. २०२४ च्या पेपरात अनुक्रमे २४, २२ आणि २२ असे ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न (दिलेल्या चार पर्यायांतून एक निवडायचा) चुकला तर उणे १. ज्यात उत्तर स्वतः टाइप करायचं असतं त्या प्रश्नांना मुलं ‘टीटा’ म्हणतात; त्यात चुकलं तरी गुण कापत नाहीत.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीनंतर गणिताशी संबंधच आला नाही. जुलै उजाडला, नोव्हेंबरच्या कॅटसाठी आता सुरुवात करून काही होईल का? क्वांट सोडून बाकी दोन विभागांवर जोर दिला तर चालेल का?
— एक वाचक, लोकमान्यनगर

सुरुवात करा, पण क्वांट सोडता येणार नाही. आयआयएम एकूण पर्सेंटाइलबरोबर (किती टक्के मुलं तुमच्या मागे आहेत तो आकडा) प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ लावतात. आपल्या राऊच्या आयआयएम इंदूरचंच बघा. तिच्या अलीकडच्या प्रवेश धोरणांत खुल्या गटाला प्रत्येक विभागात किमान ८० आणि एकूण किमान ९० पर्सेंटाइल मागितलं आहे. तेही नुसतं दारापर्यंत यायला. मुलाखतीचं बोलावणं याच्या बरंच वर असलेल्यांना येतं.

दिलासा असा की, क्वांटचा मोठा भाग अंकगणित आणि बीजगणिताचा असतो आणि त्यातला बराचसा आठवी ते दहावीचाच आहे. क्रम असा ठेवा : शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, सरासरी आणि मिश्रण, काळ-काम, काळ-वेग-अंतर. मग समीकरणं, वर्गसमीकरणं, असमानता, लॉगरिदम, फंक्शन. भूमिती त्यानंतर. पर्म्युटेशन आणि प्रोबॅबिलिटी अगदी शेवटी, वेळ उरला तर. बरीच मुलं नंबर सिस्टिमपासून सुरुवात करतात, कारण पुस्तकात ते पहिलं प्रकरण असतं. पंधरा दिवस शेषाच्या प्रमेयांत जातात आणि हाती प्रश्न येतात एक किंवा दोन.

शेकडेवारीला पहिला पूर्ण आठवडा द्या. अपूर्णांक पाठ हवेत : १/६ म्हणजे १६.६७ टक्के, १/७ म्हणजे १४.२८, १/८ म्हणजे १२.५, १/९ म्हणजे ११.११, १/११ म्हणजे ९.०९, १/१२ म्हणजे ८.३३. उपयोग कुठे होतो ते पाहा. साखर १४.२८ टक्क्यांनी महागली. खर्च तेवढाच ठेवायचा तर वापर किती टक्क्यांनी घटवायचा? क्ष धरून बसलात तर दीड मिनिट गेलं. किंमत ७ ची ८ झाली, म्हणजे वापर ८ चा ७ झाला पाहिजे, म्हणजे १/८, १२.५ टक्के. तोंडी झालं. २५ टक्के वाढीला २० टक्के घट, ही त्याचीच सख्खी बहीण.

काळ-कामात अपूर्णांकांची बेरीज करत बसू नका, कामाला एकक द्या. एक जण काम १२ दिवसांत करतो, दुसरा १८ दिवसांत. काम ३६ एकक धरा. पहिल्याचे रोज ३, दुसऱ्याचे रोज २. दोघांनी ४ दिवस केलं, २० एकक झाले. पहिला निघून गेला, उरलेले १६ दुसरा ८ दिवसांत संपवेल. एकूण १२ दिवस. नळ आणि टाकीची गणितं याच वाटेने जातात, फक्त गळणाऱ्या नळाला उणे चिन्ह.

वेगात सगळ्यांना हमखास पाडणारा प्रश्न सरासरीचा. उज्जैनला ताशी ४० ने गेलात, ताशी ६० ने परत आलात, तर सरासरी ५० नाही, ४८. हळू चाललेल्या प्रवासात वेळ जास्त गेला, म्हणून सरासरी त्याच्या बाजूला झुकते. हे एकदा समजलं की मिश्रणाची अर्धी गणितं वेगळी शिकावी लागत नाहीत.

रोज तीन तास मिळत असतील तर सव्वा तास क्वांट, पाऊण तास डीआयएलआरचे दोन सेट (सेट म्हणजे एकाच माहितीवरच्या प्रश्नांचा गट), उरलेला वेळ इंग्रजी वाचनाला द्या. एक गोष्ट कटाक्षाने पाळा : तासभर व्हिडिओ पाहिला तर त्याच विषयावर दोन तास कागद-पेन्सिल. सर फळ्यावर सोडवतात तेव्हा सगळं समजतं आणि घरी तेच गणित अडतं, ही तक्रार इतक्यांची असते की तिचं कारण सांगून टाकावं. पहिली पायरी कुठली घ्यायची हे सरांनी ठरवलेलं असतं, आणि परीक्षेत नेमकं तेवढंच तुम्हाला ठरवायचं असतं. म्हणून उत्तर बघण्याआधी गणिताशी निदान पाच मिनिटं झुंजा.

आणि २२ पैकी २२ चा हट्ट नको. ११-१२ बरोबर आणि चुका मोजक्या, एवढ्यावरही क्वांटचं पर्सेंटाइल चांगलं येतं.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी समजतं, पण उतारा वाचून होईपर्यंत दहा मिनिटं जातात आणि शेवटी दोन पर्यायांत अडकते. शब्दसंग्रहाची पुस्तकं पाठ करू का?
— वाचक, सुदामानगर

पुस्तकं राहू द्या. कॅटमध्ये शब्दार्थ थेट विचारत नाहीत. अलीकडच्या पेपरांत चार उतारे, प्रत्येकी चार प्रश्न, म्हणजे २४ पैकी १६ प्रश्न वाचनाचे. उरलेले आठ विस्कटलेली वाक्यं जुळवणं, परिच्छेदाचा सारांश, सुटं वाक्य कुठे बसेल, अशा प्रकारचे.

वेग कमी असण्याचं कारण बहुतेकदा शब्द नसतात. प्रत्येक वाक्याचं मनात मराठी करत वाचण्याची सवय असते. ती मोडायला रोज एक लांब निबंध वाचा. बातमी नको, निबंध. इतिहास, जीवशास्त्र, तत्त्वज्ञान, शहररचना, अर्थकारण, जे आवडत नाही तेच मुद्दाम. ‘एऑन’सारख्या संकेतस्थळांवर असं लेखन भरपूर मिळतं आणि कॅटच्या उताऱ्यांची जातकुळी तीच. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून समासात पाच-सहा शब्दांत लिहा की लेखकाने इथे काय केलं : दावा मांडला, उदाहरण दिलं, विरोधकांचं म्हणणं सांगितलं, ते खोडलं. ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘यट’ आले की पेन थांबलंच पाहिजे. लेखकाचं खरं मत बहुतेक वेळा तिथून पुढे सुरू होतं. महिनाभर हे लिहून करा, मग ते मनातल्या मनात व्हायला लागतं.

आता दोन पर्यायांतली अडचण. समजा उतारा असं म्हणतो : शहरात झाडं लावली की उकाडा कमी होतो, पण त्या झाडांना पाणी मिळालं तरच, कोरड्या हवेच्या शहरांत नुसती रोपांची संख्या मोजणाऱ्या योजना म्हणूनच फसतात. प्रश्न आहे, लेखकाचं मुख्य म्हणणं काय?

अ. कोरड्या शहरांनी वृक्षारोपणावर खर्च करू नये.
ब. झाडांचा उपयोग पाण्यावर अवलंबून असल्याने लागवडीचा आकडा यशाचं माप ठरत नाही.
क. झाडांमुळे शहरातला उकाडा कमी होतो.
ड. कोरड्या शहरांत पाण्याच्या नियोजनाकडे प्रशासन दुर्लक्ष करतं.

‘ड’ बाहेरचा आहे. प्रशासनाचं नावही उताऱ्यात नाही. ‘क’ उताऱ्यात आहे आणि खराही आहे, पण लेखक तिथून सुरुवात करून पुढे गेलाय. ‘मुख्य’ या शब्दाचं उत्तर ते नाही. खरा सापळा ‘अ’. योजना फसतात असं लेखक म्हणतो, खर्च करू नये असं म्हणत नाही. वाचणाऱ्याने पुढचं पाऊल स्वतःच टाकलं. उत्तर ‘ब’. तुमच्या चुकलेल्या प्रश्नांवर अशाच चिठ्ठ्या लावा : बाहेरचं, अर्धवट, अतिरेकी, खरं पण विचारलेलं नाही. तीस-चाळीस चुका जमल्या की त्यातली एक चिठ्ठी वारंवार दिसेल. मराठी माध्यमाच्या मुलांत बहुधा ‘अतिरेकी’ निघते, कारण ‘ओन्ली’, ‘ऑलवेज’, ‘मस्ट’ हे छोटे शब्द घाईत डोळ्यांखालून निसटतात.

वेळेचं गणित : एका उताऱ्याला प्रश्नांसकट साडेआठ मिनिटं धरली तर चार उताऱ्यांना ३४ मिनिटं, भाषेच्या आठ प्रश्नांना फक्त सहा. ज्यांचा वेग अजून बसलेला नाही त्यांनी तीन उतारे नीट करावेत आणि साधारण १४ मिनिटं भाषेच्या प्रश्नांना द्यावीत. सुरुवातीला प्रत्येक उताऱ्याच्या पहिल्या चार ओळी वाचून सर्वांत अवघड कुठला ते ठरवा आणि तो शेवटाला ढकला. वाक्यं जुळवण्याचे प्रश्न टीटा असतील तर मोकळे सोडू नका. खात्री नसली तरी क्रम टाइप करा.

डीआयएलआरचा एकच सेट घेऊन बसतो, बारा मिनिटांनी कळतं की तो सुटणार नाही, आणि मग हात थरथरायला लागतात. सेट निवडायचा कसा?
— वाचक, भंवरकुआं

४० मिनिटांतली पहिली पाच फक्त वाचायला. ही पाच मिनिटं द्यायला जीव जातो, पण पूर्ण विभागाचे गुण तिथेच ठरतात. २०२४ ला पाच सेट होते. त्यातले तीन पुरे सुटले तरी तुम्ही खूप पुढे असता.

वाचताना विषय ओळखीचा आहे का, हे बघू नका. ‘अरे, हा तर टूर्नामेंटचा सेट, मी असे दहा केलेत’ असं म्हणत उडी मारणारेच जास्त फसतात, कारण रचणाऱ्याने ओळखीच्या सांगाड्यात एक नवी अट खुपसलेली असते. बघायचं ते वेगळंच : पक्के आकडे किती दिलेत, अज्ञात जागा किती आहेत, आणि कुठली अट ताणलेली आहे. ताणलेली म्हणजे जिला हलायला वाव नाही. चार दुकानांनी मिळून १० डबे विकले, प्रत्येकाने निदान एक आणि सगळ्यांचे आकडे वेगळे. यात शक्यता एकच : १, २, ३, ४. कारण चार वेगळ्या धन पूर्णांकांची लहानात लहान बेरीजच १० आहे. ११ डबे असतील तरी एकच : १, २, ३, ५. १२ झाले की दोन : १, २, ३, ६ किंवा १, २, ४, ५. एवढीशी बेरीज आधी केली तर आकडे हातात असतात, फक्त कोणाचा कुठला ते लावायचं राहतं. बेरीज किमान किंवा कमाल सीमेजवळ आहे का, हे प्रत्येक सेटमध्ये शोधा. ‘कोणीही लागोपाठ नाही’, ‘प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच’ या अटींचंही तसंच. त्या दिसायला साध्या, पण जागा झपाट्याने भरतात.

त्यानंतर प्रश्नांकडे नजर. ‘जर अमुक तमुक असेल तर’ अशी सुरुवात चारही प्रश्नांची असेल, तर सेट पूर्ण बंद होत नाही आणि प्रत्येक प्रश्नाला नव्याने मांडणी लागेल. वेळ खाणारा सेट. आकडा टाइप करायला सांगणारे प्रश्न असतील तर निदान तेवढं उत्तर पक्कं निघतं.

सेट घेतल्यावर सहा मिनिटांनी स्वतःला विचारा : तक्त्यात पक्की नोंद किती झाली? एकही नसेल तर उठा. थोड्या असतील तर बारा मिनिटांपर्यंत मुभा. शक्यता दोन फुटत असतील तर दोन वेगळे तक्ते काढा, एकाच तक्त्यात खोडरबर चालवू नका; कुठलं खोडलं आणि कुठलं सिद्ध झालं याचा पत्ता राहत नाही. तीन फाटे फुटले, तर बहुतेक वेळा एखादी अट वाचायची राहिलेली असते.

सरावासाठी २०१७ पासूनचे कॅटचे पेपर पुरेसे आहेत. आधी घड्याळ न लावता सोडवा, मग आठवड्याने तोच सेट घड्याळ लावून. दुसऱ्यांदा सोडवताना उत्तर आठवलं तरी हरकत नाही, मांडणी आठवत नाही हे लक्षात येईल.

दर रविवारी मॉक म्हणजे सराव परीक्षा देते. गुण जवळजवळ तेवढेच. किती मॉक द्यावेत?
— वाचक, तिलकनगर

मॉकची संख्या कमी नाही, मॉकनंतरचा सोमवार कमी पडतोय. दोन तासांच्या मॉकला चार तास तपासणी लागते. एक वही करा आणि सोडवलेल्या, चुकलेल्या, सोडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा : संकल्पनाच माहीत नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न चुकीचा वाचला, वेळ गेला, किंवा घ्यायलाच नको होता. सोडलेले प्रश्न लिहायला लोक विसरतात. घरी दीड मिनिटात सुटणारा प्रश्न परीक्षेत बघितलाच नव्हता, ही सर्वांत महाग चूक आणि गुणपत्रिकेत ती दिसतसुद्धा नाही.

गुण अडकण्याचं एक साधं गणित बघा. क्वांटमध्ये १६ पर्यायी प्रश्न केले, १२ बरोबर, ४ चूक : ३६ वजा ४, म्हणजे ३२. दुसऱ्या मॉकमध्ये हिंमत वाढली, २० केले, १३ बरोबर, ७ चूक : ३९ वजा ७, पुन्हा ३२. चार प्रश्नांची मेहनत फुकट. अंदाजाचंही तसंच. चार पर्यायांत आंधळा ठोका मारला तर सरासरी लाभ शून्य. एक पर्याय पक्का बाद करता आला तर सरासरी १/३ गुण, दोन बाद करता आले तर पूर्ण १ गुण. म्हणजे दोन बाद झाल्यावर उत्तर मोकळं सोडणं हा तोटा आहे, आणि एकही बाद होत नसताना ठोकणं हा निव्वळ जुगार.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आठवड्याला एक, ऑक्टोबरपासून दोन. ‘सिलॅबस संपल्यावर पहिला मॉक’ असं ठरवणाऱ्यांचा सिलॅबस संपत नाही. पहिला मॉक आजच द्या, गुण कोणाला दाखवायचे नाहीत. कॅट तीन सत्रांत होते, सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेचारला. तुमचं सत्र प्रवेशपत्रावर कळलं की उरलेले मॉक त्याच वेळेला बसून द्या. वेगवेगळ्या सत्रांचे पेपर वेगळे असतात म्हणून गुण एका पातळीवर आणून मग पर्सेंटाइल काढतात, तेव्हा ‘आमचा पेपर अवघड होता’ या चर्चेत परीक्षेनंतर वेळ घालवू नका. शेवटचे चार दिवस मॉक नको.

मुलाला भंवरकुआंच्या क्लासला घालावं की ऑनलाइन? फी पाहून छाती दडपते.
— एक आई, अन्नपूर्णा

होर्डिंगवरचे फोटो मोजू नका. एकच टॉपर तीन क्लासच्या फलकांवर दिसतो, कारण कुठे तो पूर्ण शिकलेला असतो, कुठे त्याने फक्त मॉक घेतलेले असतात, कुठे मुलाखतीचं मार्गदर्शन. क्लासमध्ये जाऊन चार गोष्टी विचारा. डेमोला जे सर शिकवतात तेच वर्षभर शिकवणार का? बॅचमध्ये मुलं किती? शंका विचारायची वेळ ठरलेली आहे की ‘कधीही या’? आणि मध्येच सोडलं तर फी परत मिळण्याची अट पावतीवर लिहून देणार का? ‘कधीही या’ हे उत्तर आलं तर सावध व्हा.

मुलगा स्वतःहून रोज बसत असेल तर मॉकची मालिका आणि एक ऑनलाइन कोर्स पुरतो, खर्चही बराच कमी. बसत नसेल तर क्लासची ठरलेली वेळ उपयोगी पडते. अन्नपूर्णाहून रोज संध्याकाळी त्या चौकातली गर्दी पार करून जाण्या-येण्यात तास-सव्वा तास जाणार असेल, तर शनिवार-रविवारची बॅच बघा.

मुलगी बारावीत आहे, विज्ञान शाखा. आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या कोर्ससाठी आयपीमॅट देणार आहे. इथल्या मुलांना काही सवलत असते का? जेईईचं गणित पुरेल?
— एक पालक, राजेंद्रनगर

सवलत नाही, प्रवेश देशपातळीवर होतो, घर राऊच्या रस्त्याला लागून असलं तरी. हा कोर्स इथे २०११ मध्ये सुरू झाला.

२०२४ च्या आयपीमॅटमध्ये ९० प्रश्न होते : गणिताचे १५ आकडा लिहायचे, गणिताचे ३० पर्यायी, आणि इंग्रजीचे ४५. तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं, बरोबरला ४ गुण, पर्यायी प्रश्न चुकल्यास उणे १, आकडा लिहायच्या विभागात उणे नाही.

जेईईचं गणित निम्मं उपयोगी. लॉगरिदम, श्रेढी, मॅट्रिक्स-डिटरमिनंट, पर्म्युटेशन, प्रोबॅबिलिटी, संच, वर्गसमीकरणं यांवर तिची मांड पक्की असेल. पण कॅल्क्युलसला आयपीमॅट फारसं विचारत नाही आणि शेकडेवारी, सरासरी, काळ-काम यांना विचारतं, ज्यांना जेईईवाली मुलं ‘आठवीचं’ म्हणून हातही लावत नाहीत. दुसरी अडचण इंग्रजीची. निम्मे प्रश्न त्याचे आहेत आणि ४० मिनिटांत ४५, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटही नाही. इथे कॅटपेक्षा उलट, व्याकरण आणि शब्दसंग्रहही विचारतात. रोज तासभर त्यालाच द्या.

घरी मराठी, पण जन्म, शाळा, कॉलेज सगळं इंदूरला. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत मराठी मातृभाषेचा फायदा मिळतो का?
— वाचक, रामबाग

नाही. महाराष्ट्राच्या जागा तिथल्या अधिवासावर आणि शिक्षणावर ठरतात. मराठी मातृभाषेची अट असलेली सवलत आहे ती कर्नाटक सीमाभागातल्या वादग्रस्त गावांतल्या मुलांसाठी. मध्य प्रदेश त्यात येत नाही. तुम्ही ऑल इंडिया जागांसाठी धरले जाल. परीक्षा मात्र द्यायला हरकत नाही : २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीला उणे गुण नाहीत. एका प्रश्नाला ४५ सेकंद आणि सगळ्यात जास्त भाग रीझनिंगचा, त्यामुळे कॅट झाल्यावर वेगाचा वेगळा सराव करावा लागतो. एकही प्रश्न मोकळा ठेवून उठायचं नाही.

पीथमपूरला सहा वर्षं नोकरी. कॅट देऊ की जीमॅट?
— वाचक, महू रोड

दोन वर्षांच्या नेहमीच्या कोर्सला जायचं असेल तर कॅट. नोकरी सोडून एक वर्षाचा कोर्स करायचा असेल, तर आयआयएम इंदूरच्या ईपीजीपीसारख्या कार्यक्रमांना पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि तिथे जीमॅट या आंतरराष्ट्रीय मॅनेजमेंट प्रवेश परीक्षेचे गुणही चालतात. शिफ्ट सांभाळून अभ्यास करणाऱ्याला जीमॅट सोयीची, कारण तारीख आपण निवडतो, गुण पाच वर्षं चालतात, आणि मनासारखं झालं नाही तर १६ दिवसांनी पुन्हा देता येते. फी मात्र डॉलरमध्ये आणि भरभक्कम.

आताची जीमॅट सव्वादोन तासांची : क्वांटचे २१, व्हर्बलचे (इंग्रजी) २३, डेटा इन्साइट्सचे (माहितीचं विश्लेषण) २० प्रश्न, प्रत्येकी ४५ मिनिटं. गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर. जुनी पुस्तकं मित्राकडून आणली असतील तर लक्षात ठेवा, आता भूमिती नाही, सेंटेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारणं) नाही, आणि डेटा सफिशियन्सी (दिलेली माहिती उत्तराला पुरते का ते ठरवणं) क्वांटमधून उचलून डेटा इन्साइट्समध्ये टाकली आहे. कॅल्क्युलेटर फक्त तिथेच मिळतो. पेपर तुमच्या उत्तरांप्रमाणे सोपा-अवघड होत जातो, त्यामुळे कॅटसारखं ‘अवघड सोडून पुढे’ चालत नाही : समोरच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढचा येत नाही. खूण करून ठेवलेल्या प्रश्नांकडे परत जाता येतं, पण एका विभागात तीनच उत्तरं बदलता येतात. शेवटचे प्रश्न राहून गेले तर गुणांना जबर फटका बसतो, म्हणून अडीच मिनिटं झाली की अंदाज टाका आणि सरका.

कॅटचा फॉर्म भरताना काय चुकतं? आणि परीक्षेच्या दिवशी?
— तीन वाचक, वेगवेगळ्या पत्रांतून

नोंदणी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते आणि सप्टेंबरमध्ये संपते. जास्तीत जास्त गोंधळ इतर मागासवर्गाच्या दाखल्याचा. नॉन-क्रिमी लेयरचा, केंद्राच्या नमुन्यातला आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला दाखला मागतात. राज्याच्या नमुन्यातला जुना चालत नाही. केंद्रीय यादी राज्यवार आहे. महाराष्ट्राच्या यादीत असलेली जात मध्य प्रदेशच्या यादीत असेलच असं नाही, तेव्हा इथल्या मराठी घरांनी फॉर्मवर खूण करण्याआधी यादी उघडून बघावी. लोकसेवा केंद्रात अर्ज जूनमध्येच टाका, शेवटच्या आठवड्यात तिथली रांग हलत नाही. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, वडिलांचं नाव मध्ये असेल तर तसंच. दहावी-बारावीचे टक्के गुणपत्रिकेवर जे आहेत तेच. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ स्वतःच्या मनाने काढू नका. फॉर्म गेल्यावर दुरुस्तीची खिडकी उघडते ती फोटो, सही आणि परीक्षेचं शहर एवढ्यापुरतीच.

परीक्षेत कच्चं काम करायला वही आणि पेन केंद्रावरच देतात, जाताना परत घेतात. घड्याळ नेता येत नाही, वेळ स्क्रीनवर. कीबोर्ड बंद असतो. टीटाचे आकडे आणि कॅल्क्युलेटर दोन्ही माउसने दाबावे लागतात, आणि घरी फोनवर टकाटक आकडे मारणाऱ्यांची पहिली पाच मिनिटं इथेच जातात. कॅटच्या संकेतस्थळावर परीक्षेआधी अधिकृत सराव पेपर ठेवतात. लॅपटॉपचा टचपॅड बाजूला ठेवून, साधा तारेचा माउस लावून तो एकदा पूर्ण द्या. ३७ गुणिले ४८ सारखे गुणाकार त्या कॅल्क्युलेटरवर करायला वहीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे तेव्हाच कळेल.